बर्गरच्या दुकानासमोर बादली घेऊन उभं राहायचं असेल तर

कोपरखैरण्यात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहीहंडीचे टी-शर्ट आणि अधूनमधून मोर्च्यांचं साहित्य. मोर्चेवाले उधारी ठेवतात, तरी त्यांचं काम मी नाकारत नाही. आमचे तात्या माथाडी हमाल होते, कांद्याच्या गोणी वाहून त्यांच्या मानेवर कायमचा घट्टा पडलेला. तर गेल्या वर्षभरात दोन कॉलेजांची पोरं दुकानात येऊन विचारून गेली, "काका, शेतमजुरांसाठी बर्गरवाल्यांसमोर निदर्शनं करायचीत. तुम्ही केलीत ना? कशी करायची?" प्रत्येकाला तेच ते सांगून दमलो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी आमची फजिती ऐका. माझी भाची शिकायला फ्लोरिडात होती. तिकडं टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या मोर्च्यांत ती जायची. परत आली ती डोक्यात तेच घेऊन. आम्ही अकरा जण जमलो. मी झोकात दहा बाय चारचा फ्लेक्स छापला, 'बहुराष्ट्रीय शोषणाचा धिक्कार असो'. एका मॉलच्या दारात उभे राहिलो. दहा मिनिटांत सुरक्षारक्षकांनी बाहेर काढलं, कारण मॉलची फरशी खासगी असते, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. मग फ्लेक्स रेलिंगला बांधला, तो पालिकेच्या गाडीनं उचलून नेला. आणि सगळ्यांत लाजिरवाणं म्हणजे आतल्या काउंटरवरचा पोरगा धावत बाहेर आला आणि मला विचारतो, "सर, ऑर्डर चुकली का?"

त्या पोराला काय सांगणार होतो? आम्हाला नेमकं काय हवंय, ते आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पहिली पायरी बॅनरची नाही, मागणीची.

भाचीनं सांगितलेली गोष्ट इथं कामाला येते. फ्लोरिडात इमोकली नावाचं गाव आहे. तिथले बहुतेक मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीकडून आलेले. टोमॅटोची एक बादली भरली की ३२ पौंड, म्हणजे आपले साडेचौदा किलो. ती खांद्यावर टाकून ट्रकपर्यंत पळायचं, वरच्या माणसाकडं फेकायची, त्याबदल्यात टोकन घ्यायचं. काही वर्षांपूर्वीपर्यंत बादलीला पन्नासेक सेंट मिळायचे. दिवसाची किमान मजुरी निघायला सव्वाशे-दीडशे बादल्या लागायच्या, म्हणजे जवळपास दोन टन माल. १९९३ पासून हे लोक एकत्र येऊ लागले. सुरुवातीला भांडण शेतमालकांशी होतं. संप केले, काही जणांनी महिनाभर उपोषण केलं, २००० साली सव्वादोनशे मैलांच्या वर चालत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की मालकाची मानसुद्धा दुसऱ्याच्याच हातात आहे. ढिगानं टोमॅटो उचलणाऱ्या बड्या कंपन्या भाव पाडतात, मालक तो तोटा मजुरावर ढकलतो. तेव्हा २००१ मध्ये त्यांनी टाको बेल या फास्टफूड साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी काय केली? पौंडामागं एक सेंट जास्त. बस्स. आणि तो सेंट मजुरापर्यंत पोचला पाहिजे.

एक सेंट! मला हे ऐकून तात्यांची आठवण झाली. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून जे मिळवलं आणि १९६९ साली ज्याचा माथाडी कायदा झाला, त्यातही मख्खी हीच होती. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा मालक कोण? तर कायद्यानं सांगितलं, ज्याचा माल उचलला त्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळ हमालाला देणार. घाम गाळणारा आणि पैसा राखणारा यांच्यामधल्या चार माणसांना वळसा घालून थेट वर हात घातला. सातारच्या अडाणी माणसांनी मुंबईच्या बाजारात जे केलं, तेच इमोकलीच्या माणसांनी आपल्या परीनं केलं.

तेव्हा तुमची मागणी छोटी हवी, मोजता येणारी हवी आणि ज्याच्या हातात ती देणं आहे त्याच्याकडंच हवी. ती तुम्ही ठरवायची नाही, मजुरांनी ठरवायची. इथं आम्ही दुसऱ्यांदा आपटणार होतो, थोडक्यात वाचलो.

मॉलमधल्या प्रकारानंतर आम्ही टोमॅटोच्या पट्ट्यात, नारायणगावकडं गेलो. ओळखीतून तोडणीला जाणाऱ्या आणि एका पॅकहाऊसवर काम करणाऱ्या बायका भेटल्या. तिथला टोमॅटो निवडून, पुसून एका बर्गरवाल्या साखळीला जातो. २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यापासून, म्हणजे बाजार समितीतूनच विकायची सक्ती उठल्यापासून, असा माल तुर्भ्याच्या घाऊक बाजारातल्या गाळ्यावर न उतरता परस्पर जाऊ शकतो, त्यामुळं मुंबईत तो कुणाच्या नजरेला पडत नाही. आम्ही वही उघडून बसलो, "मजुरी किती वाढवून हवी?" त्यातल्या एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "मजुरीचं बघू. आधी शीग काढायला सांगा."

शीग ठाऊक नसेल तर सांगतो. माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग चढवतात ती शीग. उत्साह शिगेला पोचतो असं आपण लिहितो, ती हीच. शेतावर तोडणीची मजुरी कॅरेटवर. कॅरेट म्हणायला २० किलोचं, पण मुकादम वर शीग लावून घेतो, की झालं बावीस-तेवीस. पैसे २० चेच. दिवसाच्या दहा कॅरेटमागं एक कॅरेट फुकट. बायकांचं दुसरं म्हणणं संडासाचं होतं. दिवसभर पाणी न पिता काम करतात, कारण जायला जागा नाही. तिसरं, मुकादमाबद्दल बोलायचं तर ते मुकादमाच्याच कानावर जातं, म्हणून थेट कंपनीचा नंबर द्या.

संध्याकाळी भाचीला हे सांगितलं तर ती ताडकन उठून बसली. इमोकलीच्या मजुरांचीही हीच तक्रार होती! बादलीवर शीग चढवायला लावायचे. तिथल्या कंपन्यांशी झालेल्या करारात बादली काठापर्यंतच, वर ढीग नाही, असं लिहून घेतलंय. शिवाय सावली, पाणी, हजेरीचं घड्याळ आणि चोवीस तास चालणारा तक्रारीचा फोन. जो शेतमालक पाळणार नाही, त्याचा माल करारातल्या कंपन्या घेत नाहीत. सगळी ताकद त्या शेवटच्या वाक्यात आहे, नाहीतर नियम काय, कागदावर आपल्याकडंही भरपूर आहेत.

म्हणून मजुरांना भेटायला जाताना मागण्यांची यादी घरून नेऊ नका. आणि जे ऐकाल त्यातलं दाखवता येईल तेवढंच लिहा. आम्ही दोन आठवड्यांचे कॅरेटचे आकडे बायकांकडून वहीत टिपून घेतले, तारखेसकट. 'चोर', 'लुटारू' असले शब्द पत्रकात घातलेत तर बदनामीची नोटीस येते आणि मग सगळे मुख्य विषय सोडून वकील शोधत बसतात. 'अमुक तारखेला २० किलोच्या कॅरेटमध्ये २२ किलो ८०० ग्रॅम भरले' हे वाक्य शिवीपेक्षा जास्त झोंबतं.

आता परवानगी. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदानं शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क दिलाय, हे खरं. पण पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात. त्यात पाच किंवा जास्त माणसांनी जमायला बंदी असते, काठ्या-लाठ्या बाळगायला बंदी असते, पुतळे-प्रतिमा मिरवायलाही असते. म्हणून आठ दिवस आधी स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, दोन प्रती. तारीख, वेळ कितीपासून कितीपर्यंत, जागा नेमकी कुठली, माणसं किती, लाऊडस्पीकर आहे की नाही, जबाबदार दोघांची नावं आणि फोन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्या. पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका, चहाला गेलेला हवालदार परत येईपर्यंत बसा. एक-दोन दिवसांत गोपनीय शाखेतून फोन येईल, "किती जण येणार? कुठला पक्ष?" चिडू नका, ते त्यांचं काम आहे. खरं तेच सांगा. पन्नास सांगून बारा आलात तर पुढच्या वेळी किंमत राहत नाही, बारा सांगून पन्नास आलात तर त्याहून वाईट.

नोटीस हातात दिली तर घाबरू नका. जुने कार्यकर्ते तिला '१४९ ची नोटीस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालंय. वाचायची, तारीख-वेळ घालून सही करायची, आपली प्रत ठेवायची. परवानगी नाकारली तर लेखी मागा, आणि त्या दिवशी तिथं जाऊन हट्ट करू नका. वाशीत निदर्शनं म्हटलं की शिवाजी चौक सुचवतात. चौक चांगला, पण तिथून दुकान दिसत नाही, आणि दुकान दिसल्याशिवाय या निदर्शनाला चव नाही. आम्ही दुकानासमोरच्या रस्त्याच्या पलीकडचा रुंद पदपथ मागितला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना निम्मी जागा मोकळी ठेवू असं लिहून दिलं. तेवढ्यावर मिळाला.

बॅनरबद्दल मी जरा लांबण लावणार, माझा धंदाच तो. फ्लेक्स नको. बांधला की पालिका उचलते, विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, वर गुन्हा. हातात धरायला तो जड, आणि रात्री दिव्याखाली चकाकतो, फोटोत नुसता पांढरा डाग दिसतो. मांजरपाट घ्या, ते जाडंभरडं सुती कापड. धुवून खळ काढा, नाहीतर रंग पसरतो. अक्षरांचं गणित असं की दहा फुटांवरून वाचायला इंचभर उंची लागते, म्हणजे रस्त्यापलीकडून, तीस-चाळीस फुटांवरून, चार इंच. पण हे इंग्रजी अक्षराचं गणित. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून मी सहा इंच धरतो. जोडाक्षरं टाळा. 'अन्यायग्रस्त' लांबून बघा, नुसता काळा गोळा दिसतो. पांढऱ्यावर काळं, एकच शब्द लाल. लाकडी दांडा लावू नका, मनाई आदेशात तो लाठी ठरतो. फ्लेक्सच्या रोलच्या आत पुठ्ठ्याची नळी असते, ती कुठल्याही छपाईवाल्याकडं फुकट मिळेल. हलकी, ताठ, आणि कुणाला लागली तरी काही होत नाही.

मजकूर काय, यावरून माझं आणि मावशींचं वाजलं. त्या म्हणाल्या, 'कॅरेटवरची शीग काढा' एवढंच लिहा. मी म्हटलं, मावशी, वाशीतल्या माणसाला शीग काय कळणार? त्या म्हणाल्या, "नाय कळलं तर इचारंल की." मी मनात नसताना तेच रंगवलं. आणि खरंच, त्या संध्याकाळी जो तो थांबून विचारत होता, "शीग म्हणजे काय हो?" माझ्या 'धिक्कार असो'जवळ कोणी थांबलं नव्हतं.

थांबलेल्याला भाषण देऊ नका, बादली द्या. इमोकलीवाले मोर्च्यात तोडणीच्या बादल्या नेतात. १९९६ साली शेतात पाणी प्यायला थांबला म्हणून एका पोराला मुकादमानं मारलं, तेव्हा त्याचा रक्तानं भरलेला सदरा हातात धरून शेकडो लोक त्या मुकादमाच्या घरावर चालून गेले होते. वस्तू समोर असली की जास्त बोलावं लागत नाही. आम्ही आदल्या पहाटे तुर्भ्यातून टोमॅटो आणले, साडेचौदा किलो मोजून एका बादलीत भरले, आणि शेजारी एक कॅरेट आणि वजनकाटा ठेवला. काटा आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याचा, संध्याकाळचा धंदा बुडवून त्यानं दिला. कॉलेजची पोरं, ऑफिसातून सुटलेली माणसं, दोन डिलिव्हरीवाले, सगळ्यांनी बादली खांद्यावर घेऊन पाहिली. व्यायामशाळेत जाणारा एक जण एका हातानं उचलून हसला. भाचीनं त्याला म्हटलं, "छान. आता अशा एकशे चाळीस, पळत." तो बादली खाली ठेवून पत्रक घेऊन गेला. कॅरेटवर मावशी स्वतः शीग चढवून दाखवत होत्या. काट्यावर २० चे २२ होताना बघून एका आजोबांनी "अगं बाई" म्हटलं, त्यांच्यामागं उभी असलेली त्यांची बायको हसली.

मजुरांना आणायचं तर त्यांचा खाडा भरा. एक दिवस काम बुडालं की मजुरी गेली, आणि आपण मात्र त्यांना हार घालतो. दोघींचा खाडा, एसटीचं भाडं, रात्री मुक्कामाची सोय, एवढे पैसे आधी गोळा झाले तरच बोलवा. फोटोत त्यांचा चेहरा घ्यायचा का, ते एकेकीला वेगळं विचारा, सगळ्यांसमोर विचारलं तर नाही म्हणायला संकोच होतो. आमच्याकडं एक हो म्हणाल्या, दुसऱ्यांनी पदर पुढं ओढला. पोरांना सांगून ठेवलं होतं, तरी एकानं फोटो टाकलाच. रात्री साडेदहाला काढायला लावला.

घोषणा दोन पुरेत. आमची होती, 'शीग काढा, माप धरा, घामाचा हिशेब पुरा करा'. हलगी एकच आणा, तीही दर दहा मिनिटांनी. लाऊडस्पीकर लागत नाही, लावलाच तर रात्री दहाच्या आत बंद. वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात. दुकानाच्या दारासमोर डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या लागतात, ती जागा चुकूनही अडवू नका. त्यांचं पोट मिनिटावर चालतं, त्यांना उशीर झाला तर ते तुमचे शत्रू होतात, नाहीतर ते तुमचेच आहेत.

काउंटरवरच्या पोरांवर ओरडायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. निवेदन द्यायला दोघांनीच आत जायचं. मॅनेजर बहुधा म्हणतो, "हेड ऑफिसला द्या." ठीक आहे म्हणायचं, दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं मुख्य कार्यालयाला पाठवायचं, पावती जपायची. जाताना त्या पोरांना पत्रक द्या. मी दिलं, तर पहिल्या खेपेला "ऑर्डर चुकली का" विचारणारा पोरगा दुसऱ्या शाखेतून बदलून तिथंच आलेला! त्यानं पत्रक घडी करून टोपीत ठेवलं.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल एकच. त्यात काही गुपित बोलू नका. २००८ साली बर्गर किंगविरुद्ध मोहीम चालू असताना एका खासगी हेर कंपनीची मालकीण विद्यार्थिनी म्हणवून इमोकलीच्या मजुरांच्या पाठीराख्या विद्यार्थी गटात शिरू पाहत होती, आणि कंपनीचा एक उपाध्यक्ष आपल्या मुलीच्या खात्यावरून मजुरांविरुद्ध लिहीत होता. दोन्ही गोष्टी उघड झाल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीनं करार केला. लपवण्यासारखं काही नसलं की हेरालाही बादली उचलायला लावता येते.

किती दिवस लागतील? टाको बेल २००५ च्या मार्चमध्ये कबूल झाली, म्हणजे चार वर्षं. त्या चार वर्षांत विद्यार्थ्यांनी वीसहून जास्त कॉलेजांच्या आवारातून तिची दुकानं हटवली किंवा येऊ दिली नाहीत. मॅकडोनाल्ड्स २००७ मध्ये आली. वेंडीज या बर्गर साखळीवर २०१६ मध्ये बहिष्कार पुकारला, २०१८ मध्ये न्यू यॉर्कला पाच दिवसांचं उपोषण केलं. आमचं म्हणाल तर तीन निदर्शनं झाली, चार पत्रं गेली. कंपनीचं एक दोन ओळींचं उत्तर आलं, 'पुरवठादाराला कळवले आहे'. पॅकहाऊसवर पत्र्याचा संडास उभा राहिला, पाण्याची टाकी अजून नाही. शीग चालूच आहे, थोडी उतरलीय म्हणतात. तक्रारीचा नंबर भिंतीवर लिहिलाय, तो मुकादमाच्या पुतण्याचा निघाला. चौथं निदर्शन त्याच नंबरावर.

उरलेल्या टोमॅटोचा विचार आधीच करून ठेवा. माल पदपथावर टाकून गेलात तर दुसऱ्या दिवशी फोटो तेवढाच छापून येतो. आम्ही वाटायला लागलो तर मावशी म्हणाल्या, थांबा. पदपथावर फतकल मारून बसल्या आणि सगळी बादली पदरात ओतून घेतली. हात असे चालले की बघत राहावं. अंगठा फक्त देठापाशी टेकायचा, फिरायचा, आणि टोमॅटो आपापल्या ढिगात. लाल, केशरी, मऊ. भाचीनं बसून करायला घेतलं, तिच्या चार टोमॅटोंत मावशींचा ढीग झाला. मऊ निघाले ते त्यांनी एका पिशवीत भरून मला दिले, "वहिनीला सांगा, आजच चटणी करा, उद्या नाय राहायचे." बाकीचे काट्याच्या बदल्यात भाजीवाल्याला.

बादली माझ्या दुकानातच आहे, रोलच्या ढिगाऱ्यामागं. लागली तर घेऊन जा. फक्त कडी सांभाळून धरा, डाव्या बाजूनं सुटत आलीय.